सहाशे ठसे आणि एक अर्धा र

चवथ जवळ आली की घर झाडण्या-पुसण्याला निमित्त मिळते. २०११ साली अशाच झाडलोटीत कपाटाच्या तळाशी एक फ्लॉपी आणि तिच्याच शेजारी एक सीडी सापडली. दोन्हींवर बाबांच्या टपोऱ्या मास्तरी अक्षरात एकच शब्द लिहिला होता - 'ओव्या'.

बाबा सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. मुक्तीनंतर गावोगावी ज्या सरकारी मराठी शाळा निघाल्या त्यांतल्या तीन-चार शाळांत त्यांची उभी नोकरी गेली. जिथे बदली होई तिथल्या बायकांकडून ते जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचे. अशा तीन वह्या भरल्या होत्या. २००१ साली मी नोकरीत नवी होते, हातात स्वतःचा पगार होता. या वह्या संगणकावर उतरवून घेऊ, जमले तर पुस्तक करू, असे मी बाबांना म्हटले. एका डीटीपीवाल्याकडून काम करून घेतले आणि रोज संध्याकाळी बसून मुद्रिते तपासली. पुस्तक काही झाले नाही. कधी पैसे नव्हते, कधी वेळ नव्हता. मग एक दिवस बाबाच राहिले नाहीत.

सापडलेली सीडी मी घरच्या संगणकावर लावली. फाईल उघडली. पण पडद्यावर ओव्या नव्हत्याच! डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे, पौंडाची चिन्हे, टिंबे, कंस. जणू कुणी शिव्या देत सुटले होते. फाईल बिघडली असेल म्हणून मी एका जाणकार मुलाला दाखवली. तो म्हणाला, "ताई, फाईल एकदम बरी आहे. फक्त हे ज्या फाँटात टाईप केलंय तो फाँट आता कुणाकडे नाही."

फाईल बरी आहे आणि वाचता येत नाही, हे कोडे मला झोपू देईना. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालेली, सरकारी खात्यात आवक-जावक आणि टिपण्या सांभाळणारी बाई. पण त्या कोड्याच्या मागे लागून जे वाचत गेले त्यातून अक्षरांचा एक इतिहासच हाती आला. त्याची सुरुवात योगायोगाने आपल्या गोव्यातच होते. तोच आज सांगायचा आहे.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, रायतूरच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. पण छापला रोमन अक्षरांत! हे स्टीफन्सना हवे होते म्हणून नव्हे. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना एक पत्र पाठवले होते. त्यात ते लिहितात, की या देशाची पुस्तके इथल्याच भाषेत आणि इथल्याच लिपीत छापलेली पाहावीत ही आपली फार वर्षांची इच्छा आहे. मलबारात तसे झालेही आहे. इथे मात्र जमत नाही, आणि त्याचे एक कारण म्हणजे ठसे. युरोपात चोवीस ठशांत काम भागते, इथल्या लिपीला सहाशेच्या घरात ठसे ओतावे लागतील.

सहाशे! कारण आपली लिपी वेगळी आहे. क आणि ष जोडले की दोघांचेही रूप जाऊन क्ष होतो. वेलांटी मागे लागते, उकार खाली लोंबतो, रफार डोक्यावर चढतो. प्रत्येक जोडाक्षराला वेगळा ठसा धरला की संख्या फुगत जाते. मराठीवर इतके प्रेम करणाऱ्या त्या माणसाच्या ओव्या या सहाशे ठशांपायी परक्या अक्षरांत गेल्या.

पुढे दोन-अडीचशे वर्षांनी मुंबईत देवनागरी ठसे ओतले गेले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाईप तर आजही पाहात राहावे असे. प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने अक्षराचे तुकडे पाडायचा. जुळाऱ्याच्या खणांत कुठला तुकडा कुठे, हेही ज्याचे त्याचे वेगळे. पण त्याने वाचकाचे काही बिघडत नव्हते, कारण वाचकाच्या हाती कागद यायचा. खणांची मांडणी छापखान्यातच राहायची.

संगणकाने नेमके हेच उलटे केले. संगणकात अक्षर नसते, आकडा असतो. मी 'क' टाईप करते तेव्हा यंत्र एक आकडा साठवते. ती फाईल तुमच्याकडे आली की तुमचे यंत्र तो आकडा पाहून अक्षर काढते. म्हणजे आता वाचकाकडे कागद जात नाही, जुळाऱ्याच्या खणांचे नंबर जातात. माझे खण आणि तुमचे खण सारखे नसले तर ओवीच्या जागी शिव्या दिसणार. आमच्या डीटीपीवाल्याच्या फाँटात अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले होते. एका कंपनीचा फाँट असा, दुसरीचा तसा. फाँट गेला आणि घराची किल्ली गेली. माझ्या कोड्याचे उत्तर एवढेच होते.

मग सर्वांनी मिळून एकच मांडणी का ठरवली नाही? तर ठरवली होती. फार आधीच ठरवली होती.

१९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालू होते. त्यातले एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. पुढे हे काम पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८३पासून यासाठी मसुदे केले, ते सुधारले, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'आयएस १३१९४' या क्रमांकाने ते मानक म्हणून स्वीकारले. त्यालाच इस्की म्हणतात.

इस्कीत एक साधी पण मोठी कल्पना होती. आकाराला क्रमांक द्यायचाच नाही, वर्णाला द्यायचा. 'क्ष'ला स्वतंत्र घर नको. क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष असे तीन आकडे ठेवा, त्यांचा आकार काय दिसायचा तो पडद्यावर फाँट ठरवील. शाळेत बाबा फळ्यावर हेच शिकवायचे - क् अधिक ष बरोबर क्ष. स्टीफन्सना अडवणारे सहाशे ठसे इथे शंभराच्या आत आले. दुसरे म्हणजे ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून मांडणीही एकच ठेवली. देवनागरीतला क ज्या घरात, त्याच घरात बंगालीचा, कन्नडचा, तेलुगूचा क. ज्या भाषेत जो वर्ण जास्त आहे त्याची सोय सामाईक तक्त्यात केली. त्यामुळे हिंदीला नको असलेला आपला ळही हक्काने बसला.

मानक कागदावर आले, पण बाजारात फारसे उतरले नाही. छपाईच्या धंद्यात ज्याचा फाँट त्याचे राज्य चालूच राहिले. कायद्याची सक्ती नव्हती आणि गिऱ्हाईकालाही गरज वाटत नव्हती. मलासुद्धा २००१ साली वाटली नाही.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत झेरॉक्स कंपनीतले जो बेकर, आणि अॅपलमधले ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस, जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवण्याच्या खटपटीत होते. बेकर यांनी १९८८ साली आराखडा मांडला, १९९१च्या जानेवारीत युनिकोड कॉन्सॉर्टियम ही संस्था नोंदवली गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली आवृत्ती निघाली. देवनागरीसाठी त्यांनी नवा शोध लावला नाही. इस्कीचा १९८८चा मसुदा समोर ठेवला आणि त्याच क्रमाने १२८ घरे आखली.

पण त्याच वेळी जिनिव्हाच्या आयएसओचाही वेगळा जागतिक तक्ता तयार होत होता. आयएसओ ही १९४७ साली कामाला लागलेली संस्था, देशोदेशींच्या मानक मंडळांनी बनलेली. म्हणजे जगाला एक तक्ता हवा म्हणून दोन तक्ते! आमच्या खात्यात याला आम्ही 'समन्वयाचा अभाव' म्हणतो. १९९१ साली आयएसओचा मसुदा मतदानात पडला. विरोधी मते देणाऱ्या देशांचे म्हणणे हेच होते, की आधी दोघांनी एक व्हा. मग दोन्ही बाजू बसल्या, तडजोडी झाल्या, आणि १९९३ साली आयएसओ १०६४६ हे मानक निघाले, ते युनिकोडशी जुळवून. तेव्हापासून नवे अक्षर घ्यायचे तर दोन्हीकडे मान्य व्हावे लागते. एकीकडे मोठ्या कंपन्या व सदस्य संस्था बसतात, दुसरीकडे देश बसतात, आणि त्या मेजावर भारताचे मत आपले भारतीय मानक ब्यूरो देते.

आता ही मंडळी ठरवतात कसे, हे पाहू. कारण माझ्यासारख्या कारकुनाला सगळ्यात रस वाटला तो यात.

आयएसओच्या पुस्तकात सहमतीची व्याख्या आहे. तिचा भावार्थ असा, की सर्वसाधारण सगळे राजी असावेत, महत्त्वाच्या मुद्द्यावर कुणा महत्त्वाच्या पक्षाचा टिकून राहिलेला विरोध नसावा, सर्वांचे म्हणणे ऐकण्याचा आणि मतभेद मिटवण्याचा प्रयत्न झालेला असावा. आणि शेवटी स्पष्ट सांगितले आहे, की सहमती म्हणजे एकमत नव्हे. मतदान होते, पण ते शेवटी. मतदान करणाऱ्या सदस्य देशांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत आणि एकूण मतांच्या एक चतुर्थांशाहून जास्त मते विरोधात नकोत. नकार द्यायचा तर तांत्रिक कारण लिहून द्यावे लागते. नुसता 'नाही' असा शेरा मोजत नाहीत. हे वाचून मी मनात हात जोडले. आमच्याकडे कारण न देता 'चर्चा करावी' असा शेरा मारून किती फायली वर्षानुवर्षे निजवल्या जातात ते मला ठाऊक आहे.

आपल्या गावकरीची आठवण इथे झाल्याशिवाय राहात नाही. पोर्तुगीजांनी १५२६च्या फोराल दस्तऐवजात ज्या जुन्या रूढी लिहून काढल्या, त्या गावकरीत शेताची, बांधाची, देवळाची कामे गावकार एकत्र बसून ठरवायचे आणि कुळकर्णी ती लिहून ठेवायचा. तिथे रीत एकमताची होती, एका गावकाराचा नकारही काम अडवू शके. बारा-पंधरा कुटुंबांच्या गावात ते चालत असेल. साऱ्या जगाच्या गावकरीत तसे केले तर एकही बांध व्हायचा नाही. म्हणून नव्या गावकऱ्यांनी मधला मार्ग काढला. विरोध ऐका, तो मुद्द्याचा असेल तर मसुदा बदला, आणि तरीही थोडे लोक नाराज राहिले तर पुढे जा. कुळकर्णी मात्र तिथेही लागतो. प्रत्येक सभेचे इतिवृत्त, प्रत्येक प्रस्तावाचा क्रमांक, कुणी काय आक्षेप घेतला आणि त्याला काय उत्तर दिले, सगळे जपून ठेवलेले असते.

याच्या उलट रीतीचे उदाहरण आपल्या लिपीतच आहे. १९५३ साली लखनौला देवनागरी सुधारणेसाठी मोठी परिषद भरली. टंकलेखन आणि छपाई सोपी व्हावी म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी असे ठरले. हेतू चांगला होता, जमलेले लोक विद्वान होते. पण ज्यांना रोज लिहायचे होते त्या हातांना ते मानवले नाही, आणि थोड्याच वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. वरून उतरलेली सुधारणा आणि वापरणाऱ्यांच्या गळी उतरलेली सुधारणा, यांत फरक असतो तो असा.

युनिकोडवाल्यांनी शहाणपणा केला तो काय ठरवायचे नाही हे ठरवण्यात. अक्षराचा आकार त्यांनी वादाबाहेर ठेवला. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांना एकच क्रमांक आहे, आकार फाँटवाल्याने पाहावा. म्हणून महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी ल आणि श यांची वळणे ठरवली तेव्हा तक्त्याला धक्काही लागला नाही. भाषा कोणती, हेही तक्ता विचारत नाही. आपल्याकडे १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतर मराठी-कोकणीवरून किती घरांत बोलणे बंद झाले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या तक्त्यात मात्र मराठीचा अ आणि देवनागरी कोकणीचा अ एकाच घरात राहतात, आणि तिथे कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

असो. आता त्या अर्ध्या र कडे येते.

मराठीत र जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक डोक्यावरचा रफार, दुसरा आडवा, पापणीसारखा दिसणारा अर्धा र. हिंदीला दुसऱ्याची गरज नाही. आपले मात्र त्याशिवाय चालत नाही. आचार्य वेगळे, आचारी वेगळे. 'आचार्यांना जेवायला वाढा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' यात पंगतच बदलते. आणि गोव्यात तर दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका पापणीने माणूस सह्याद्रीतून थेट मिरामारला येतो.

या अर्ध्या र ला स्वतंत्र घर मिळाले नाही. इस्कीने त्याची सोय एका शेजाऱ्याकडे लावली होती. दक्षिणेतल्या भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून खाली नुक्ता दिलेला ऱ तक्त्यात होता. त्याचा पाय मोडला की पापणी दिसेल असे ठरले. युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य सांधा घालायचा, अशी वेगळी वाट दिली होती. पुढे इस्कीची वाट पुन्हा मान्य झाली. पण मधल्या काळात लोकांनी दुसऱ्या वाटेने लिहिले होते, म्हणून ती बंद करता येईना. आज दोन्ही वाटा अधिकृत आहेत. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीने 'दऱ्या' शोधला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला बहुधा सापडत नाही. हा दोष काढून का टाकत नाहीत, असे मलाही वाटले होते.

उत्तर त्या संस्थेच्या दुसऱ्या एका नियमात आहे, आणि मला तो नियमच या साऱ्या कामाचा कणा वाटतो. एकदा दिलेले घर कधी काढून घ्यायचे नाही, हलवायचे नाही, त्याचे नावही बदलायचे नाही. १९९६ साली कोरियन अक्षरे एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेली, तेव्हा जुन्या जागेवर लिहिलेला मजकूर निरर्थक झाला. त्या अनुभवानंतर पुन्हा कुणाचेही घर हलवायचे नाही असे ठरले. इतके, की एका कंसाच्या इंग्रजी नावात स्पेलिंगची चूक राहून गेली, ती सर्वांना ठाऊक आहे, तरी मूळ नाव तसेच ठेवले आहे. शेजारी फक्त दुरुस्तीची नोंद केली.

पहिल्यांदा हे हट्टीपणाचे वाटते. पण माझी सीडी आठवली की तो हट्ट कळतो. चुकीचे नाव चालेल, दोन वाटा चालतील, पण आज लिहिलेली ओवी पन्नास वर्षांनी त्याच आकड्यांतून तशीच उघडली पाहिजे. सरकारी नोंदवहीत आम्ही चुकलेली नोंद खोडत नाही. तीवर एक रेघ मारून, बाजूला दुरुस्ती लिहून सही करतो. मूळचे वाचता आले पाहिजे. तेच हे.

मग सांभाळणे म्हणजे काय, फक्त बदल न करणे? तसेही नाही. आयएसओच्या मानकांची दर पाच वर्षांनी उजळणी होते - कायम ठेवायचे, सुधारायचे की मागे घ्यायचे. अक्षरांच्या तक्त्यात काढता येत नसले तरी भर घालता येते, आणि भर घालण्याचा प्रस्ताव कुणीही पाठवू शकतो. अट एकच, पुरावा जोडायचा. हे अक्षर खरोखर कुणी वापरले आहे, कुठे छापले आहे, हे दाखवायचे.

आपल्या ॲ चेच घ्या. 'ॲक्सिडेंट', 'ॲम्ब्युलन्स' हे शब्द मराठीत नांदायला लागून किती काळ झाला! पण तक्त्यात होता तो हिंदी वळणाचा ऍ. मराठी माणूस अ वर चंद्र काढतो, त्याला जागा नव्हती. अ ला चंद्राची मात्रा लावून वेळ भागवली की काही यंत्रांवर अक्षराऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ उमटायचे. अखेर २००८च्या एप्रिलमध्ये, ५.१ या आवृत्तीत, ॲ ला स्वतःचे घर मिळाले. १९९१पासून मोजले तर सतरा वर्षे लागली. याउलट रुपयाचे चिन्ह. उदयकुमार यांनी काढलेले ते चिन्ह केंद्राने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलेही. एका बाजूला सरकार स्वतः दारात उभे होते, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी माणसांचा रोजचा उच्चार. लवकर कुणाचे काम झाले ते आपण पाहतोच.

पण एकट्या माणसाचेही काम होते, हेही सांगितले पाहिजे. आपल्या पूर्वजांची जमिनीची, देवस्थानांची, देण्याघेण्याची कितीतरी कागदपत्रे मोडीत आहेत. मोडीला तक्त्यात जागा मिळावी म्हणून अंशुमन पांडे या अभ्यासकाने २०११ साली प्रस्ताव मांडला. त्यासोबत मोडीच्या हस्तलिखितांचे आणि छापील पुस्तकांचे नमुने होते. जून २०१४मध्ये, सातव्या आवृत्तीत, मोडीची ७९ अक्षरचिन्हे दाखल झाली. त्यामागे मोर्चा, धरणे काही नव्हते. होता तो नीट लिहिलेला अर्ज, जोडलेले पुरावे आणि आक्षेपांना दिलेली शांत उत्तरे.

आमच्या कचेरीत एक वाक्य नेहमी लिहिले जाते - 'विहित मुदतीत हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.' मौन ही संमती. सहमतीने चालणाऱ्या प्रत्येक कारभाराची ताकद यात आहे आणि धोकाही यातच आहे. टिकून राहिलेला विरोध नसणे म्हणजे सहमती, असे म्हटले की जो मेजापाशी आलाच नाही तोही राजी मोजला जातो. अर्ध्या र च्या वेळी मराठी लिहिणारे आपण किती जण तिथे होतो? मसुदे हरकतींसाठी खुले असतात, पण ते खुले आहेत हे आपल्या गावी नसते. आपल्याला साहित्य संमेलनात ठराव करायची सवय. टाळ्या वाजवून एकमताने ठराव होतो आणि मांडव उतरल्यावर तो कुठे जातो कुणी विचारत नाही. तिकडचे काम कंटाळवाणे असते. एका अक्षरासाठी तीन-चार वर्षे कागद पाठवत राहायचे. पण अक्षर जगते ते त्या कंटाळवाण्या कामावर.

माझ्या सीडीचे काय झाले ते सांगून थांबते. त्या जाणकार मुलाने जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारा एक प्रोग्राम मिळवला. रात्रीत सगळ्या ओव्या परत आल्या! माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग वह्या घेऊन ताडून पाहू लागले, तेव्हा ध्यानात आले की त्या प्रोग्रामने प्रत्येक पापणीचा रफार केला आहे. जिथे दऱ्या होत्या तिथे दर्या झाला होता. सासरी निघालेली पोर दऱ्या ओलांडायची, ती समुद्र ओलांडू लागली होती.

दोन वह्यांतले मी वहीवरून दुरुस्त केले. तिसरी वही मात्र वाळवीने खाल्लेली. तिच्यातल्या एका ओवीत 'दर्या' आहे आणि वहीत त्या जागी भोक आहे. बाबांनी काय लिहिले होते? सत्तरीतली ओवी, म्हणजे दऱ्या असणार. पण डोंगरातल्या बायकांच्या गाण्यात समुद्र येत नाही असे कुठे आहे? न पाहिलेला दर्या तर गाण्यात जास्तच येतो.

शेवटी त्या गावी गेले. बाबांना ओळखणाऱ्या दोन म्हाताऱ्या अजून होत्या. एकीने म्हणून दाखवले, त्यात दऱ्या होत्या. दुसरीने तिला थांबवले, म्हणाली दर्याच. दोघींची बराच वेळ जुंपली, शेजारणी गोळा झाल्या. मी वही उघडून कुळकर्ण्यासारखी बसले होते. तेवढ्यात पहिलीच हसून म्हणाली, "दोनूय म्हणटात गे बाये. तूं दोनूय बरय."

मी दोन्ही लिहिले. एक रफाराने, एक पापणीने.